जागेचा खेळ : जुन्या शूटर गेमपासून स्वतःच्या पहिल्या लेव्हलपर्यंत

घरात दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप धूळ खात पडला असेल, तर तो एवढ्यात भंगारात देऊ नका. आजचे शूटर गेम त्यावर उघडणारही नाहीत. पण ज्या गेममुळे या प्रकाराला आजचं रूप आलं, तो ‘डूम’ त्यावर मजेत चालेल. १० डिसेंबर १९९३ रोजी अमेरिकेतल्या ‘आयडी सॉफ्टवेअर’ने तो बाहेर काढला, तेव्हा ३८६ प्रोसेसर आणि ४ मेगाबाईट मेमरी एवढ्यावर त्याचं भागत होतं. तीस वर्षं उलटली तरी त्याच्यासाठी नव्या लेव्हल्स सतत तयार होत असतात. बनवणारे बहुतेक जण पोटापाण्यासाठी दुसरंच काही करणारे हौशी खेळाडू आहेत.

मोबाईलवर बीजीएमआय खेळणाऱ्याला, एकेकाळी सायबर कॅफेत तास मोजून काउंटर-स्ट्राइक खेळलेल्याला किंवा लहानपणी टीव्हीला डबा जोडून काँट्रा संपवलेल्याला, कोणालाही या वाटेला लागता येईल. काय खेळायचं, कोणत्या क्रमाने खेळायचं आणि खेळता खेळता स्वतःची पहिली लेव्हल कशी बांधायची, ते इथे सांगतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करा. शूटर गेममध्ये नेम लागतोच, पण शेवटपर्यंत टिकतो तो जागा ओळखणारा. कुठे उभं राहायचं, कशाच्या आड जायचं, मागे सरायची वेळ आली तर पाठीशी भिंत आहे की मोकळी वाट, हे ज्याला न बघता ठाऊक असतं, त्याचा नेम थोडा कच्चा असला तरी चालतं. जुने गेम हे फार स्पष्टपणे शिकवतात. त्यांत बघण्यासारखं दुसरं फारसं काही नसतं, हेच त्यांचं बळ आहे.

आधी एका पडद्याची जागा

डूमकडे जाण्याआधी थोडे दिवस आर्केड गेम खेळा. तिथे सगळं रणांगण एका पडद्यात मावतं, त्यामुळे आपण कुठे चुकलो ते लगेच कळतं.

पहिला अर्थातच ‘स्पेस इन्व्हेडर्स’. जपानच्या ‘टायटो’ कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो यांनी तो १९७८ मध्ये बनवला. वर ११ शत्रूंच्या ५ रांगा, म्हणजे एकूण ५५. खाली तुमची तोफ आणि तिच्या वर चार आडोसे. नवखा खेळाडू मधोमध उभा राहून समोर दिसेल त्याच्यावर गोळ्या झाडत बसतो. तसं करू नका. शत्रूंची फौज पडद्याच्या कडेला टेकली की एक पायरी खाली उतरते आणि उलट दिशेला निघते. म्हणून कडेचे उभे रकाने आधी साफ करा. फौज अरुंद झाली की तिला कडेपर्यंत पोचायला जास्त वेळ लागतो आणि तेवढं तिचं खाली उतरणं लांबतं. आडोसा तुमच्या स्वतःच्या गोळ्यांनीही झिजतो, हेही ध्यानात ठेवा. त्याच्या आतून वर मारत राहाल तर तो तुम्हीच संपवाल.

शत्रू कमी होत जातात तशी त्यांची गती वाढते. ही गंमत मुळात ठरवून केलेली नव्हती. त्या यंत्राच्या प्रोसेसरला कमी आकृत्या हलवाव्या लागल्या की उरलेल्या भरभर हलू लागत. निशिकादोंनी ते तसंच ठेवलं आणि शेवटच्या शत्रूच्या वेळी छातीत होणारी धडधड या प्रकाराला कायमची मिळाली.

त्यानंतर १९८१ चा ‘गॅलॅगा’ एक-दोन दिवस खेळा आणि मग १९८२ च्या ‘रोबोट्रॉन : २०८४’वर या. यात दोन जॉयस्टिक असतात, एक चालायला आणि दुसरी गोळी झाडायला. पळायची दिशा वेगळी आणि मारायची दिशा वेगळी, ही सवय बोटांना इथे लागते. मोबाईलवर दोन अंगठ्यांनी खेळणाऱ्यांना ती आधीच असते, फक्त तिचं मूळ इतकं जुनं आहे हे ठाऊक नसतं.

‘काँट्रा’विषयी आपल्याकडच्या वाचकाला वेगळं सांगायला नको. ‘कोनामी’चा हा गेम १९८७ मध्ये आर्केडमध्ये आला आणि पुढे कॅसेटमधून आपल्या घराघरांतल्या टीव्हीवर पोचला. त्यातला तीस लाइफचा कोड अनेकांना अजून पाठ असेल : वर, वर, खाली, खाली, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, मग बी, ए. हा कोड वापरायला लाजू नका, पण तो रेकीसाठी वापरा. पहिल्यांदा तीस लाइफ घेऊन सगळे स्टेज पाहून या. कुठून कोण उडी मारतं, कोणत्या उंचवट्यावर उभं राहिलं की खालच्याची गोळी लागत नाही, ‘एस’ची गन कुठे मिळते, हे टिपून घ्या. मग कोड न टाकता तीनच लाइफमध्ये खेळा. एवढ्यात केवढा फरक पडतो ते अनुभवूनच बघा.

व्हिडिओ गेमचा जुना सेट कपाटातून काढणार असाल तर एक सूचना : त्याच्यासोबतची बदकं मारायची बंदूक नव्या सपाट टीव्हीवर चालणार नाही. ती बंदूक प्रकाश फेकत नसे, प्रकाश टिपत असे. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होई, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे आणि नळीतल्या सेन्सरला तो दिसला की नेम लागला असं ठरे. हे सगळं पिक्चर ट्यूबच्या वेळेवर बेतलेलं होतं.

हे गेम कंपन्यांनी स्वतः काढलेल्या संग्रहांतून विकत मिळतात, उदाहरणार्थ २०१९ चं ‘काँट्रा अ‍ॅनिव्हर्सरी कलेक्शन’. सवलतीच्या दिवसांत घ्या.

डूम : मिळवणं, लावणं, खेळणं

डूम मिळवायचे तीन सरळ मार्ग आहेत. त्याचा पहिला भाग, नऊ लेव्हल्सचा, मूळ कंपनीनेच फुकट वाटायला दिला होता. ती फाईल जेमतेम ४ मेगाबाईटची आहे आणि आजही कायदेशीरपणे मोफत घेता येते. दुसरा मार्ग ‘फ्रीडूम’चा. चित्रं, आवाज, लेव्हल्स सगळं स्वयंसेवकांनी नव्याने बनवलेला हा संपूर्ण मोफत संच आहे आणि चाहत्यांच्या बऱ्याच लेव्हल्स त्याच्यावर चालतात. तिसरा मार्ग विकतचा : ऑगस्ट २०२४ मध्ये ‘डूम’ आणि ‘डूम २’ एकत्र करून नव्याने आले. त्यात ‘फायनल डूम’ आणि बरंच काही आहे. सुरुवात पहिल्या मार्गाने करा, आवडलं तर तिसऱ्यावर पैसे घाला.

डेटाच्या फाईलसोबत ती चालवणारा प्रोग्रॅमही लागतो, त्याला खेळाडू ‘पोर्ट’ म्हणतात. आयडीचे मुख्य प्रोग्रॅमर जॉन कारमॅक यांनी डिसेंबर १९९७ मध्ये डूमचा सोर्स कोड खुला केला, म्हणूनच आज विंडोज, लिनक्स, मॅक सगळीकडे हे पोर्ट आहेत. जुन्या लॅपटॉपसाठी ‘वूफ’ किंवा ‘क्रिस्पी डूम’ घ्या. ‘जीझेडडूम’ अधिक करामती करतो, पण त्याला बऱ्यापैकी ग्राफिक्स लागतात. एक फोल्डर करा, त्यात पोर्ट उलगडा, शेजारी गेमची ‘वॅड’ फाईल ठेवा आणि सुरू करा. पुढे चाहत्यांची एखादी वॅड उतरवली की ती माउसने ओढून पोर्टच्या आयकॉनवर सोडायची, एवढंच.

पहिल्या दिवशी सेटिंगमध्ये तीन गोष्टी बदला. ‘नेहमी धावणं’ चालू करा. माउस पुढे-मागे केला की माणूसही पुढे-मागे सरकतो, ती सोय बंद करा. चालताना पडदा हेलकावतो तो हेलकावा कमी करा. ज्यांना घाटातल्या एसटीत त्रास होतो, त्यांना या गेममध्येही मळमळू शकतं. तसं झालं तर ताणून खेळू नका. खोलीतला दिवा लावा, पडद्यापासून थोडं लांब बसा आणि सुरुवातीला वीस-पंचवीस मिनिटांवर थांबा. टॅब दाबला की नकाशा दिसतो, तो सारखा बघत राहा.

काठिण्याच्या पाच पायऱ्या आहेत. तिसरी, ‘हर्ट मी प्लेन्टी’, नवख्याला योग्य. फारच जड गेलं तर पहिलीवर या. तिथे इजा निम्मी होते आणि गोळ्या दुप्पट मिळतात.

आता खेळाविषयी. शत्रू दिसला की आधी एकच प्रश्न विचारा : याची गोळी चुकवता येते की नाही? बंदूकवाल्या झोंबीची गोळी झाडताक्षणी लागते, तिला बाजूला सरून हुलकावणी देता येत नाही. त्यामुळे झोंबी आधी मारायचे, तेही खांबाच्या किंवा दाराच्या कडेआडून. आगीचा गोळा फेकणारा ‘इम्प’ मात्र संथ असतो. त्याच्यासमोर मोकळ्यात उभं राहून डावी-उजवीकडे सरकत राहिलात तर तो तुम्हाला फारसं काही करू शकत नाही. म्हणजे एकासाठी आडोसा हवा, दुसऱ्यासाठी मोकळी जागा. दोघे एकाच खोलीत असले की तुमची परीक्षा सुरू होते.

घाबरून दारातच उभं राहून लढायची सवय लवकर मोडा. दार सुरक्षित वाटतं, पण चांगल्या लेव्हल्समध्ये मागून कोणीतरी येतंच, आणि दारात अडकलेल्या माणसाला दोन्ही बाजू बंद असतात. आत शिरा, कडेकडेने गोल फिरत राहा. फिरताना शत्रूंना एकमेकांच्या आड आणा. एका जातीच्या राक्षसाचा गोळा दुसऱ्या जातीच्याला लागला की तो तुम्हाला सोडून त्याच्यावर उलटतो. झोंबी तर आपापसांतही भांडतात. गोळ्या संपत आल्या असताना ही भांडणं लावून देता येणं हे मोठं कसब आहे. ते नेमाचं अजिबात नाही. कोण कुठे उभा आहे ते ओळखण्याचं आहे.

पहिली लेव्हल एकदा खेळून झाली की पुन्हा उघडा आणि या वेळी गोळी न झाडता नुसते हिंडा. ती जॉन रोमेरो यांनी बांधली आहे. सुरुवातीच्या खोलीच्या खिडकीतून बाहेरचं अंगण आणि तिथलं निळं चिलखत दिसतं, पण बाहेर जायला दार नाही. पुढे हिरव्या विषारी द्रावावरून वळणं घेत जाणारा पूल लागतो, त्याच्या समोर उंचावर इम्प उभे असतात. आणि त्याच खोलीतून एक चोरवाट निघते, ती तुम्हाला त्या अंगणात पोचवते. जे डोळ्यांना दिसतं तिथे पाय पोचला पाहिजे, हा रोमेरो यांचा नियम. त्यांचे इतरही नियम प्रसिद्ध आहेत : जमिनीचं चित्र बदलायचं तर उंचीही बदला, उजेड आणि अंधार, अरुंद आणि ऐसपैस जागा एकमेकींशेजारी ठेवा, खेळाडूला त्याच जागी पुन्हा पुन्हा वेगळ्या वाटेने आणा, ठळक खुणा ठेवा. लेव्हल बांधायला बसाल तेव्हा हे सगळं लागणार आहे.

पालकांसाठी इथेच सांगतो. डूममध्ये रक्त आहे, राक्षस आहेत, अमेरिकी मानांकनानुसार तो सतरा वर्षांपुढच्यांसाठी आहे आणि फ्रीडूमही त्याच वळणाचा आहे. लहान मुलांना हा प्रकार दाखवायचाच असेल तर ‘चेक्स क्वेस्ट’ दाखवा. १९९६ मध्ये अमेरिकेत नाश्त्याच्या सीरियलच्या खोक्यात ही सीडी मिळायची. गेम डूमच्याच इंजिनवर चालतो, पण त्यात कोणी मरत नाही, चिकट परग्रहवासीयांना त्यांच्या घरी परत पाठवलं जातं. मुलांसोबत बसून खेळा.

चाहत्यांच्या लेव्हल्स : कुठून सुरुवात करावी

डूमची चित्रं, आवाज आणि नकाशे कारमॅकनी इंजिनापासून वेगळ्या फाईलमध्ये ठेवले होते. खेळाडूंनी लगेच त्या फाईलची रचना शोधून काढली. १९९४ च्या सुरुवातीलाच न्यूझीलंडच्या ब्रेंडन वायबर यांनी लेव्हल्स बदलण्याचं पहिलं साधन बाहेर काढलं आणि मार्चमध्ये एका चाहत्याची पहिली, अगदी छोटीशी लेव्हल आलीसुद्धा. दोन वर्षांनी ‘फायनल डूम’ या नावाने जो संच दुकानांत आला, तो चाहत्यांनीच बांधलेला होता. त्याचा अर्धा भाग डॅरिओ आणि मायलो कसाली या भावांचा. त्यांपैकी डॅरिओ पुढे ‘वाल्व्ह’मध्ये गेले आणि त्यांनी ‘हाफ-लाइफ’वर काम केलं.

पुण्या-मुंबईच्या सायबर कॅफेंतून वाढलेल्या पिढीला याचं आणखी जवळचं उदाहरण माहीत आहे, फक्त ते चाहत्याचं काम आहे हे माहीत नसतं. काउंटर-स्ट्राइक हाच मुळात हाफ-लाइफवर केलेला हौशी बदल होता. आणि ज्या ‘डस्ट’च्या कमानी आणि बोळ आपल्याकडच्या कित्येकांना डोळे मिटून आठवतात, तो नकाशा १९९९ मध्ये डेव्ह जॉन्स्टन या ब्रिटिश किशोरवयीन मुलाने घरी बसून बांधला होता.

डूमच्या लेव्हल्सचा जुना साठा ‘आयडीगेम्स’ नावाच्या संग्रहात आहे आणि तो अफाट आहे. आंधळेपणाने काहीही उतरवू नका, गोंधळून जाल. २००४ पासून दरवर्षी १० डिसेंबरच्या सुमारास ‘काकोवॉर्ड्स’ या नावाने वर्षातल्या उत्तम लेव्हल्स निवडल्या जातात; ती यादी हाच चांगला वाटाड्या.

माझं मत विचाराल तर क्रम असा ठेवा. पहिला मूळ भाग आणि डूम २ संपवल्यावर २०११ चा ‘डूम द वे आयडी डिड’ घ्या. मूळ संघाच्या हाताची ढब इतकी अभ्यासून तो केला आहे की त्यावरून मूळ लेव्हल्सही नव्याने कळतात. मग २००३ चा ‘सायथ’. त्याच्या सुरुवातीच्या लेव्हल्स पाच-सात मिनिटांच्या आहेत आणि हात बसवायला त्यांच्याइतकं चांगलं काही नाही. शेवटच्या मात्र फार कठीण आहेत, तिथे अडलात तर सोडून द्या. त्यानंतर २०१४ चा ‘गोइंग डाउन’ : एका उंच इमारतीच्या गच्चीवरून सुरुवात, आणि लिफ्टने एकेक मजला खाली. प्रत्येक मजल्यावर जागा थोडी, कल्पना नवी. लेव्हल बांधायची इच्छा असणाऱ्याने हा संच चुकवूच नये. रंगांची मौज बघायची तर २०१६ चा ‘एन्शंट एलियन्स’. रोमेरो यांनी स्वतः २०१९ मध्ये ‘सिजिल’ काढला, पण तो अंधारा आणि अवघड आहे, आरंभासाठी नको.

२०२३ मध्ये आलेला ‘मायहाउस’ शेवटी ठेवा. तो आधी साध्या घराचा साधा नकाशा वाटतो. पुढचं काही सांगत नाही, कोणाकडून ऐकूही नका. त्याला जीझेडडूमच लागतो. प्रत्येक वॅडसोबत एक मजकुराची फाईल असते, त्यात कोणता पोर्ट आणि कोणता मूळ गेम लागेल ते लिहिलेलं असतं. ती आधी वाचली तर ‘चालतच नाही’ या तक्रारीतून बहुतेक वेळा सुटका होते.

पहिली लेव्हल : एक वाडा

साधनं मोफत आहेत. विंडोजवर ‘अल्टिमेट डूम बिल्डर’, लिनक्सवर ‘युरेका’ किंवा ‘स्लेड’. नवा नकाशा उघडताना साधा डूम २ फॉरमॅट निवडा आणि डूम २ ची किंवा फ्रीडूमच्या दुसऱ्या भागाची वॅड जोडा. त्रिमितीची भीती बाळगू नका, कारण डूमचा नकाशा कागदावरच्या आराखड्यासारखा सपाटच असतो. रेषा काढायच्या, रेषांनी बंद झालेला प्रत्येक भाग म्हणजे एक ‘सेक्टर’, सेक्टरला जमिनीची उंची, छताची उंची आणि उजेड द्यायचा, मग त्यात शत्रू, शस्त्रं, औषधं ठेवायची. भिंतीवर चित्र द्यायचं विसरलात तर तिथे आरशात आरसा दिसावा तशी विचित्र धूसर पट्टी येते. घाबरू नका, हा सगळ्यांचा पहिला दोष आहे. ती रेषा शोधा आणि चित्र लावा.

मोजमापं लक्षात ठेवा. खेळाडू ५६ एकक उंच आणि ३२ रुंद असतो आणि एका दमात २४ एककांची पायरी चढतो. छत साधारण १२८ वर ठेवा. लढाईची वाट ६४ रुंद केली तर जीव गुदमरतो, १२८ तरी हवी. उजेड १६० ते १९२ म्हणजे सामान्य, १०० च्या आसपास म्हणजे काळोखी. सुरुवातीला सगळं ६४ च्या चौकटीवर काढा, चित्रं आपोआप नीट बसतात.

बहुतेक जण पहिल्यांदा स्वतःचं घर काढतात. हौस चांगली आहे, पण टू-बीएचकेचे बोळ आणि बाथरूम या गेमच्या धावत्या वेगाला पुरत नाहीत. खऱ्या शाळेचा किंवा कचेरीचा हुबेहूब नकाशा करून त्यात गोळीबार ठेवणं तर टाळाच. तिथे खरी माणसं रोज वावरतात, त्यांना हे बघून काय वाटेल याचा विचार करा. आपल्याकडे याहून सरस आराखडा तयार आहे : जुना चौसोपी वाडा.

मधोमध चौक काढा, ५१२ बाय ५१२ चा, आणि त्याच्या छताला आकाशाचं चित्र द्या. भोवती चारी बाजूंनी ओसरी, जमिनीपासून २४ उंच, म्हणजे एका पायरीत चढता येईल. ओसरीला खांब हवेतच. तेच तुमचे आडोसे. खेळाडूला दिंडी दरवाज्यातून आत आणा आणि समोरच, चौकापलीकडे, परसदाराचं निळं दार दिसू द्या. लेव्हल तिथे संपते, हे त्याला आल्याआल्या कळलं पाहिजे. निळी किल्ली मात्र माडीवर ठेवा. साध्या डूममध्ये एका खोलीवर दुसरी खोली रचता येत नाही, म्हणून माडी एका कोपऱ्यात बाजूला काढा, तिची जमीन ७२ वर उचला आणि २४-२४ च्या तीन पायऱ्या द्या. माडीच्या खिडकीतून चौक दिसायला हवा. किल्ली उचलताना खालचा चौक रिकामा दिसतो. परत खाली यावं तर ओसरीमागच्या बंद कोठ्या उघडलेल्या असतात. त्याच चौकात आता तुम्ही वेगळ्या दिशेने शिरता आणि मघाशी ज्या खांबाआडून लढलात तो या वेळी चुकीच्या बाजूला असतो.

दार करायचं तर दाराच्या सेक्टरचं छत जमिनीला टेकवा आणि त्याच्या दोन्ही तोंडांच्या रेषांना क्रिया क्रमांक १ द्या. निळ्या किल्लीच्या दाराला २६. रेषेची पुढची बाजू खोलीकडे हवी, नाहीतर दार उघडत नाही. चौकटीच्या आतल्या दोन रेषांवर ‘लोअर अनपेग्ड’ची खूण करा, म्हणजे दार वर जाताना चौकटही सरकताना दिसणार नाही. कोठ्या उघडायला माडीवर किल्लीच्या पुढ्यात एक रेषा आखा, तिला क्रिया क्रमांक २ द्या आणि रेषेचा व कोठ्यांचा टॅग एकच ठेवा. लेव्हल संपवणाऱ्या कळीला ११.

गोळ्यांचा हिशेब कागदावर करा. साध्या शॉटगनचं एक काडतूस सगळे छर्रे लागले तर सरासरी ७० ची इजा करतं. इम्पचा जीव ६०, झोंबीचा २०. दहा इम्प आणि सहा झोंबी म्हणजे ७२०, म्हणजे अचूक मारणाऱ्याला अकरा काडतुसं. खरा खेळाडू चुकणार, दुरून मारणार, म्हणून वीस-बावीस ठेवा. कमी ठेवून लेव्हल कठीण केली असं समजू नका. गोळ्या नसलेला खेळाडू लढत नाही, नुसता कंटाळतो. लेव्हल कठीण करायची तर शत्रूची जागा बदला. उंचावरचा एक इम्प जमिनीवरच्या तिघांना भारी असतो. प्रत्येक शत्रूवर काठिण्याची खूण असते, तीही वापरा आणि सोप्या पायरीवर निम्मेच ठेवा.

आवाजाचं भानही असू द्या. पहिली गोळी सुटली की तिचा आवाज उघड्या वाटांनी सेक्टरमागून सेक्टर पसरतो आणि ऐकणारे सगळे जागे होतात. वाड्यात हे फार उपयोगी पडतं, कारण चौकातली एक गोळी चारी सोप्यांना उठवते. एखाद्या खोलीतल्यांना झोपलेलं ठेवायचं असेल तर मध्ये बंद दार द्या.

वाडा जमला की किल्ल्याकडे वळा. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या आड असा बांधला आहे की वळण घेऊन अगदी समोर येईपर्यंत तो दिसतच नाही, आणि तोवर येणारा बुरुजांच्या माऱ्यात सापडलेला असतो. फांजीवर इम्प, जंग्यांआड झोंबी, खाली वळणावर तुम्ही. पुढच्या सुट्टीत एखाद्या गडावर जाल तेव्हा प्रवेशमार्गाचा कच्चा नकाशा वहीत काढून आणा, पावलांनी अंतरं मोजा, कुठल्या तटावरून कोणती वाट दिसते ते टिपा. ज्यांनी हे दरवाजे रचले त्यांना जागेचं जे ज्ञान होतं, ते एका दुपारच्या भटकंतीत थोडं का होईना हाताला लागतं.

लेव्हल झाली की दुसऱ्या कोणाला तरी खेळायला द्या आणि शेजारी गप्प बसा. ‘तिकडून जा’ असं सांगायचं नाही. तो जिथे घुटमळतो तिथे उजेड किंवा खूण कमी पडते आहे. जिथे पुन्हा पुन्हा मरतो तिथे एक शत्रू जास्त आहे किंवा एक खांब कमी. दुरुस्त्या करून मगच ती सर्वांसाठी ठेवा. फक्त तुमची वॅड द्या. मूळ गेमची विकतची वॅड सोबत वाटणं बेकायदा आहे. कोणाची चित्रं किंवा संगीत वापरलं असेल तर मजकुराच्या फाईलमध्ये त्यांची नावं लिहा, लागणारा पोर्ट लिहा, माहीत असलेले दोष लिहा.

दुसऱ्या लेव्हलसाठी स्वतःला मर्यादा घालून घ्या. १०२४ बाय १०२४ च्या चौकोनात मावेल एवढीच लेव्हल बांधायची, ही डूमच्या जगातली जुनी रीत आहे. तेवढ्या जागेत वरचा चौक, दोन सोपे आणि एक माडी बसते. शत्रू वीसच ठेवा आणि तो चौक खेळाडूला तीनदा, तीन वेगळ्या दिशांनी ओलांडायला लावा.